25 टनी फोर्जिंग प्रेस: जोर खरा, फिल्टर तोकडा

कोयते, छिन्न्या, कुऱ्हाडी घडवणाऱ्या छोट्या वर्कशॉपसाठी हा एच-फ्रेम (एच आकाराच्या सांगाड्याचा) हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा प्रेस बांधलाय. सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) 125 मिमी, रॉड 70 मिमी, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह 200 बारला. हिशेब मांडला तर जोर 25 टनच निघतो, म्हणजे नेमप्लेटवर थाप नाही. 1100 अंशांना तापलेला ईएन-8 चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) 40 × 40 मिमीचा भाग सपाट डायखाली (दाबणाऱ्या ठोकळ्याखाली) निवांत दबतो. जॉब (घडवायचा तुकडा) निवून गडद लाल झाला की मात्र रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, अडतो. तिथे हट्ट करू नका, परत भट्टीत घाला.

पैसे वसूल होतात ते पंपात. तो दोन टप्प्यांचा आहे: मोकळ्या चालीला मिनिटाला 45 लिटर, दाब चढला की 14. रॅम सेकंदाला 6 सेंमीने उतरतो, दाबताना 2 सेंमीच्या आत येतो. 7.5 एचपीच्या मोटरकडून 200 बारला याहून जास्त मागणं चूक. निव्वळ 14 लिटरचा पंप बसवलेले स्वस्त प्रेस मिळतात, पण त्यांना 10 सेंमी उतरायलाच पाच सेकंद लागतात आणि तोवर खालच्या थंड डायने उष्णता ओढून जॉबची निम्मी मजा घालवलेली असते.

आता रडगाणं. रॅम वर जाताना परतीचं तेल 45 लिटर नसतं. रॉडमुळे खालची जागा कमी, म्हणून वरच्या बाजूने मिनिटाला 65 लिटर बाहेर पडतं. रिटर्न फिल्टर (परतीचं तेल गाळणारा) दिलाय मिनिटाला 40 लिटरचा! दर फेरीला बायपास (फिल्टर टाळणारी वाट) उघडतो, कचरा गाळणीला न शिवता टाकीत. टाकीतून पंपाला तेल ओढणारा सक्शन पाइप एक इंची आहे, तो सव्वा इंची हवा, नाहीतर थंड तेलावर पंप किंचाळतो आणि आतून खड्डे पडतात. टाकी 80 लिटरची, निदान 130 तरी हवी होती. दिवसभर सलग काम असेल तर ऑइल कूलर लावूनच घ्या.

फ्रेम आणि ब्राँझच्या गाईड पट्ट्या उत्तम. तरीही जॉब डायच्या कडेला ठेवून दाबू नका, ग्लँडचं (रॉड सिलेंडरबाहेर येतो तिथलं) सील एका बाजूने खाल्लं जातं.

सगळ्यात खटकलं ते होजचं. डायपासून हातभर अंतरावर उघडा रबरी होज, आत 200 बारचं मिनरल ऑइल. सुईएवढं भोक पडलं तरी तेलाचा फवारा तापलेल्या जॉबवर जाऊन भडका उडेल. फायर स्लीव्ह (होजवरचं आगरोधक आवरण) आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवल्याशिवाय डिलिव्हरी घेऊ नका.