आठ महिने वापरल्यावर: फोन कशाने पळतो आणि कशाने अडतो

नवा फोन घेतल्यावर फरक सगळ्यात आधी जाणवला तो कीबोर्डमध्ये. जुन्या फोनवर मेसेज लिहायला गेलं की कीबोर्ड वर यायला क्षणभर अडायचा आणि घाईत टाइप केलेली पहिली दोन अक्षरं गायब व्हायची. इथे बोट टेकवलं की कीबोर्ड हजर. आठ महिने झाले, तो अजून तसाच येतो. याचा मला अगदी मनापासून आनंद आहे, कारण गेम मी आठवड्यातून दोनदा खेळतो, टाइप मात्र दिवसभर करतो.

दोन्ही फोन कागदावर 'ऑक्टा-कोअर'च आहेत, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे आठ भाग (कोअर) आहेत. मग फरक कुठला? जुन्यातले आठही कोअर कॉर्टेक्स-ए५३ होते. २०१२ साली जाहीर झालेला हा कोअर कमी बॅटरी खाण्यासाठी बनवलेला. तो प्रोग्रामच्या सूचना (आज्ञा) आल्या त्याच क्रमाने पार पाडतो, त्यामुळे एखादी सूचना मेमरीतल्या डेटासाठी खोळंबली की तिच्यामागची रांगही थांबते. नव्या फोनमध्ये सहा कोअर छोटे, ए५५ आहेत आणि दोन मोठे, २०२०चे ए७८. हा मोठा कोअर एक सूचना अडली तर मागची तयार असलेली आधी उरकून घेतो. अॅप उघडताना किंवा स्क्रीन बदलताना बरंचसं काम एकाच मेन थ्रेडवर, म्हणजे कामांच्या एकाच मुख्य रांगेत येतं, आणि एक थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर चालतो. तो कोअर मंद असेल तर बाकीचे सात मोकळे असून उपयोग नाही. म्हणून बेंचमार्क, म्हणजे वेगाची चाचणी, बघायचाच असेल तर गीकबेंच या चाचणी-अॅपचा सिंगल-कोअर (एकाच कोअरचा) आकडा बघा. फोन घेताना मी कोअर मोजत बसलो होतो, ते चुकलं.

आता जीपीयू, म्हणजे चिपमधला स्क्रीनवरचं दृश्य रंगवणारा भाग. स्क्रीन १२० हर्ट्झची आहे, सेकंदाला १२० वेळा दृश्य बदलते, म्हणजे प्रत्येक फ्रेमला (दृश्याला) जेमतेम ८.३ मिलिसेकंद मिळतात. ६० हर्ट्झला १६.७ मिळायचे. स्क्रोल करताना मधूनच धक्का बसायचा तेव्हा मला वाटलं, जीपीयू कमी पडतोय. सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जीपीयू रेंडरिंगच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या, पट्ट्या स्क्रीनवर दाखवायची सोय असते, ती चालू केली. त्यातला नारिंगी भाग म्हणजे सीपीयू (मुख्य प्रोसेसर) जीपीयूची वाट बघतोय तो वेळ. धक्का बसला त्या क्षणी पट्टी उंच जायची खरी, पण नारिंगी भाग लहानच असायचा. वेळ जात होता तो मांडणी करण्यात आणि चित्रं तयार करण्यात, म्हणजे सीपीयूकडे. याद्या, चॅट, बातम्या असल्या कामांना या जीपीयूची ताकद पुरून उरते. व्हिडिओ बघतानाही त्याच्यावर फारसा भार नसतो, कारण डीकोडिंगसाठी (व्हिडिओ उलगडण्यासाठी) चिपमध्ये वेगळा भाग असतो.

गेममध्ये मात्र जीपीयूच सगळं ठरवतो, आणि तिथे हा फोन पहिली पंधरा मिनिटंच छान चालतो. मग मागची बाजू तापते, चिप स्वतःच आपला वेग उतरवते आणि गेम रखडायला लागतो. बेंचमार्क काही मिनिटांत संपतो, त्यामुळे त्या आकड्यात हे दिसत नाही. मी ग्राफिक्स 'हाय'वरून 'मीडियम'वर आणलं, फ्रेम रेट ६०ला बांधला आणि खेळताना कव्हर काढून ठेवलं. आता अर्धा-पाऊण तास एकसारखा चालतो.

सहाव्या महिन्यात फोन अचानक जड वाटू लागला. गॅलरी उशिरा उघडायची, अॅप अपडेट होत असताना तर सगळंच अडखळायचं. प्रोसेसर तोच होता, स्टोरेज मात्र ९० टक्क्यांच्या वर भरलं होतं. जवळजवळ भरलेल्या फ्लॅश मेमरीला नवं लिहायच्या आधी जुने ब्लॉक मोकळे करत बसावं लागतं. व्हिडिओ दुसरीकडे हलवले आणि दोन दिवसांत फोन ताळ्यावर आला. यात यूएफएस प्रकारचं स्टोरेज आहे, ते वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी करू शकतं. जुन्या फोनच्या ईएमएमसी प्रकारच्या स्टोरेजला ते जमत नव्हतं. घेणाऱ्यांनी स्टोरेजच्या प्रकाराची ही ओळ नक्की तपासावी, जाहिरातीत ती शेवटी बारीक अक्षरात असते.

मोठ्या सिस्टिम अपडेटनंतरही एक-दोन दिवस अॅप्स हळू उघडली. रात्री चार्जिंगला लावून ठेवल्यावर अँड्रॉइड अॅप्सचं कंपाइलिंग (ती वेगाने चालावीत म्हणून करायची तयारी) मागे उरकून घेतं, नंतर वेग परत आला. लगेच रिसेट मारू नका.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. उन्हात, चार्जिंग चालू ठेवून नकाशा लावला की स्क्रीन मंद होते आणि नकाशा वळणावर मागे पडतो, नेमका जेव्हा तो हवा असतो. सध्या मी निघायच्या आधीच चार्ज करून घेतो आणि फोन सावलीत ठेवतो.