नव्या गाडीचा गिअरबॉक्स झटके देतोय: वॉरंटीत बदलून घ्यायचा, ग्राहक आयोगात जायचं की गाडी विकून टाकायची?

माझ्या गाडीचं दुखणं सुरू झालं ३,२०० किलोमीटरला. पाडव्याला घेतलेली पेट्रोल गाडी, सात गिअरची डीसीटी (म्हणजे दोन क्लचवाली) ऑटोमॅटिक, आणि पुण्यात वारज्याच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना असा हादरा बसला की शेजारी बसलेल्या आईने डॅशबोर्डच धरला. पुढच्या आठवड्यात कात्रजच्या चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दिला तर गाडी आधी मागे सरकली आणि मग पुढे गेली, मागे ट्रक होता. त्यानंतर पाच महिन्यांत चार वेळा सर्व्हिस सेंटर. ज्यांची गाडी आत्ता अशीच तिसऱ्या-चौथ्यांदा आत चाललीये त्यांच्यासाठी लिहितोय, कारण तेव्हा मला कोणीच समोरासमोर मांडून सांगितलं नव्हतं की कुठल्या रस्त्याने नेमकं काय मिळतं.

पहिला रस्ता म्हणजे वॉरंटीत दुरुस्ती. खर्च शून्य, पण दम लागतो. पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट होतं, दुसऱ्यांदा क्लचचं अडॅप्टेशन रिसेट (म्हणजे क्लच कधी-किती लागायचा याचं सेटिंग पुन्हा पहिल्यापासून), तिसऱ्यांदा "सर, या गिअरबॉक्सची ही कॅरॅक्टरिस्टिकच आहे". यात एक गोष्ट समजून घ्या. ड्राय क्लच डीसीटीमध्ये क्लच थंड ठेवायला तेल नसतं, गर्दीत गाडी रांगत राहिली की तो अर्धवट लागून घासत राहतो आणि तापतो, आणि हादरे बऱ्याचदा तापल्यावरच येतात. सर्व्हिस सेंटरवाले काय करतात, तर रात्रभर उभी असलेली थंड गाडी सकाळी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणतात आणि "प्रॉब्लेम मिळाला नाही" लिहून मोकळे होतात. त्यामुळे चौथ्या वेळी मी गाडी सोडून घरी गेलोच नाही. टेक्निशियनला शेजारी बसवलं, संध्याकाळी साडेसहाला त्याच गर्दीत पाऊण तास नेलं, तिसऱ्या सिग्नलला हादरा बसल्यावर तो स्वतःच म्हणाला हे नॉर्मल नाहीये. ते वाक्य जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम लिहितं त्या कागदावर, लिहून घेतलं आणि तिथून पुढे सगळं हललं.

जॉब कार्डबद्दल मी जरा जास्तच बोलेन कारण बाकी सगळे रस्ते त्याच्यावरच उभे आहेत. "जनरल चेकअप" असं लिहू देऊ नका, "गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरला हादरा, चढावर गाडी मागे जाते" असं तुमच्या शब्दांत लिहायला लावा, किलोमीटर आणि तारखेसकट कॉपी घ्या, आणि प्रॉब्लेम गेला नसेल तर समाधानाच्या कागदावर सही करू नका. बाहेरून वायर कापून हॉर्न, लाइट वगैरे बसवू नका, वॉरंटी नाकारायला तेवढं कारण पुरतं.

दुसरा रस्ता ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये, वकील नसला तरी चालतो. मुदत मात्र दोन वर्षांची, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या "पुढच्या आठवड्यात बघू" मध्ये ती वाहून जाऊ देऊ नका. तक्रार डीलर आणि कंपनी दोघांच्याही विरोधात करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. कायद्यात तपासणी लागत असेल तर पाच महिने म्हटलंय, प्रत्यक्षात वर्षं जातात. आणि गाडी बदलून मिळणं किंवा पैसे परत मिळणं फार अवघड आहे. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने मारुतीच्या केसमध्ये सांगितलं की वॉरंटी खराब पार्ट बदलण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. म्हणजे मुळातच मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे हे तज्ज्ञाच्या रिपोर्टने दाखवावं लागतं, आणि तोपर्यंत गाडी ३० हजार किलोमीटर पळली असेल तर समोरचा वकील तेच मीटर दाखवतो. पैसे परत मागितलेच तर ऑन रोड रक्कम मागा, कारण महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्सच १२ टक्के आहे आणि विमा वेगळा.

या दोघांच्या मधे १९१५ या नंबरची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ती आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचते. मी केली, चार दिवसांत एरिया मॅनेजरचा फोन आला.

विकून टाकायचा विचार मीही केला होता. पण नव्या गाडीची किंमत उतरते ती तुमच्याच खिशातून, कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते, आणि दोष लपवून विकणं मला पटत नाही, पुढच्याच्या घरातही आई-मुलं बसणार आहेतच. ज्यांना रोज घाट किंवा हायवे आहे आणि गाडीची भीतीच बसलीये त्यांनी तोटा सोसून विकली तर मी त्यांना चूक म्हणणार नाही, दोष सांगून विकावी एवढंच.

तर माझं मत असं. गाडी मागे सरकणं, चालता चालता पॉवर जाणं असं जिवावर बेतणारं काही असेल आणि दोनदा दुरुस्त करूनही परत येत असेल, तर लगेच लेखी नोटीस देऊन आयोगाची तयारी करा आणि गाडी कमीत कमी चालवा. नुसते हादरे असतील तर पार्ट बदलून घेण्यावर जोर लावा. पण फक्त बदलून घेऊन थांबू नका, कारण वॉरंटीत बसवलेल्या नव्या पार्टची वॉरंटी बहुतेक वेळा गाडीची मूळ वॉरंटी संपते त्याच दिवशी संपते. माझा क्लच आणि कंट्रोल युनिट (गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) दोन्ही बदललं, तेव्हा मी ईमेलवर मागितलं की या दोन पार्टवर आणखी दोन वर्षं द्या, तीन आठवडे भांडलो आणि एक वर्ष मिळालं, ते डीलरच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट घेतलं. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ मुदत संपायच्या आत वेगळी घेतली.

त्यानंतर ४,००० किलोमीटर झालेत, कात्रज दोनदा चढून झाला. चारही जॉब कार्डं आणि ते पत्र ग्लोव्ह बॉक्समधे नाही, घरी कपाटात आहेत, गाडी सर्व्हिसला गेली की ग्लोव्ह बॉक्सही सोबत जातो.