हेडलाइटचं रिले किट: घेण्याआधी मीटर लावा

जुनी अल्टो, वॅगन-आर किंवा सँट्रो चालवणाऱ्यांची पावसाळ्याच्या तोंडावर ठरलेली तक्रार असते: दिवे लागतात, पण रस्ता दिसत नाही. त्यावर ॲक्सेसरीच्या दुकानात तीन औषधं मिळतात. जास्त वॅटचे बल्ब, एलईडी बल्ब किंवा रिलेचं (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) वायरिंग किट. तिघांपैकी किट हे एकच घेण्यासारखं आहे, आणि तेही प्रत्येक गाडीत नाही.

हेडलाइटचा एच४ हॅलोजन बल्ब अप्परला (लांबचा उजेड) ६० आणि डिपरला (जवळचा उजेड) ५५ वॅटचा असतो. दोन्ही डिपर लागले की जवळपास १० अँपिअर करंट जातो. गाडीत हेडलाइटला रिले नसेल तर हा सगळा करंट बॅटरीतून फ्यूजबॉक्सकडे, तिथून स्टिअरिंगखालच्या स्विचमध्ये आणि परत बोनेटखाली असा फेरफटका मारून बल्बला पोचतो. १ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीतच पाऊण-एक व्होल्ट जातो, झिजलेल्या स्विचचं नुकसान वेगळं. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. त्यामुळे बॅटरीवर १३.९ आणि बल्बवर १२.७ असेल, तर व्होल्टेज नऊ टक्क्यांनी कमी, पण उजेड मात्र चौथा हिस्सा गेलेला!

म्हणून आधी मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, इंजिन चालू, डिपर चालू. होल्डर बल्बला लावलेलाच राहू द्या, कारण लोड नसताना घेतलेलं रीडिंग फसवं असतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून होल्डरच्या पॉझिटिव्हपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मागच्या बाजूने पिना टोचून मोजा. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून होल्डरच्या अर्थपर्यंत (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीपर्यंत). दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर किटवर पैसे घालू नका. नवे बल्ब आणि पुसलेली काच पुरे. अर्थच्या बाजूलाच ०.२ च्या वर दिसलं, तर त्या वायरीचा पत्र्यावरचा बोल्ट खोलून, सँडपेपर मारून, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बदलून पुन्हा मोजा. निम्म्या वेळा आजार इथेच सापडतो आणि इलाज फुकटात होतो. एकूण ०.८ च्या पुढे असेल, तर किट लावल्याचा फरक पहिल्याच रात्री कळतो. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत कारखान्यातूनच रिले येतो, तिथे किट म्हणजे नुसता वायरींचा गुंता. आणि इंजिन चालू असूनही बॅटरीवरच १३.५ पेक्षा कमी येत असेल, तर जुन्या गाडीत आधी अल्टरनेटर तपासा.

हजार-दीड हजाराच्या किटांत दिसायला सगळी सारखी, आत जमीन-अस्मानाचा फरक. पहिली खूण वायर. टोक सोलून तारेवर ब्लेड घासा. आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. मुख्य वायर २.५ चौरस मिलिमीटर हवी. जाड प्लास्टिकच्या आत बारीक तार ही जुनीच चलाखी आहे. दुसरी खूण फ्यूज. डिपर आणि अप्परला वेगळे रिले सगळेच देतात, पण स्वस्त किटात दोघांना मिळून एकच फ्यूज असतो. तो उडाला की ताम्हिणी घाटात एकदम काळोख. प्रत्येक रिलेला स्वतःचा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असलेलंच किट घ्या. रिले बॉश, हेला किंवा मिंडाचे, ३०/४० अँपिअरचे. सुटे सामान आणून वायरमनकडून किट बांधून घेतलं तर उत्तमच. पुण्यात नाना पेठेत हे सगळं मिळतं.

जोडणी तासाभराची आहे. बॅटरीचं निगेटिव्ह सोडा. दोनपैकी एका हेडलाइटचा मूळ होल्डर काढून किटच्या इनपुट प्लगमध्ये घाला. त्यातून रिलेच्या ८५ आणि ८६ पिनांना फक्त इशारा मिळतो. ३० नंबरला बॅटरीचा फ्यूजमधून येणारा पॉझिटिव्ह, ८७ मधून बल्ब. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण बॅटरी ते फ्यूज या तुकड्याला फ्यूजचं संरक्षण नसतं. तो पत्र्याला घासला की थांबवणारं कोणी नाही. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी निथळतं. एक्झॉस्टजवळ वायर नेऊ नका. दुसऱ्या बाजूचा रिकामा राहिलेला होल्डर टेप मारून बांधून ठेवा. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेने थिंबल दोन पावसाळ्यांत हिरवी पडतात, तिथे आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह वापराच.

फसगत होते ती निगेटिव्ह स्विचिंगच्या गाड्यांत. बऱ्याच जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये होल्डरची सामाईक पिन पॉझिटिव्ह असते आणि स्विच अर्थ जोडतो. साधं किट तिथे लावलं तर दिवे लागतच नाहीत किंवा डॅशबोर्डवरचा निळा अप्परचा दिवा बंद पडतो. सामाईक पिन आधी मीटरने ओळखा आणि दुकानदाराला तसं सांगा.

किटची एक किंमत मात्र मोजावी लागते. पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्ब लवकर जातो. पाच टक्के जास्त व्होल्टेजला आयुष्य जवळपास निम्मं. डिकीत एक जादा बल्ब ठेवा, आणि तो बसवताना काचेला बोट लावू नका.

१००/९० वॅटचे बल्ब किट असलं तरी नकोत. वायर सोसेल, होल्डर आणि रिफ्लेक्टर सोसणार नाहीत. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग चकाकी उडते, आणि मग कुठलाही बल्ब लावला तरी अंधारच.

एलईडी बल्बबद्दल मत सरळ आहे: हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नको. तो आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, तिच्यामुळेच उजेडाची वरची कड कापली जाते. एलईडीच्या चिपची जागा मिलिमीटरभर हलली की उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत. गाडीपुढचे दहा मीटर लखलखीत दिसतात, तेवढ्यावर लोक खूश होतात. लांबचा खड्डा मात्र आणखी उशिरा दिसतो. एलईडी बल्बच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाइटचं रबरी झाकण बसत नाही, आत वाफ धरते. बल्बच्या स्वस्त ड्रायव्हर सर्किटमुळे एफएमवर खरखर येते ती वेगळीच. त्यापेक्षा हेडलाइटची उंची नीट लावून घ्या: सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी केली, तर उजेडाची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ ते ६ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे.

आता दिव्यांखेरीज बाकीच्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी. हॉर्नची जोडी (रूट्स, बॉश, कुठलीही) पैसे वसूल करते. दोन सूर एकत्र वाजणारा हॉर्न चालतो, एकामागोमाग सूर बदलणारा केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे चालत नाही. जोडी ८ ते १० अँपिअर खाते, तेव्हा मूळ हॉर्नला रिले आहे का ते आधी बघा, नाहीतर स्टिअरिंगमधला कॉन्टॅक्ट जळतो. हॉर्नचं तोंड खाली.

डॅशकॅम घ्यावा, पण पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही चालणारं रेकॉर्डिंग) जपून. ०.३ अँपिअर म्हणजे रात्रभरात ३ अँपिअर-तास, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ च्या आसपास. दोन दिवस गाडी हलली नाही तर सकाळी धक्का! कट-ऑफ (कॅमेरा आपोआप बंद होण्याची पातळी) १२.२ व्होल्टवर ठेवा, एअरबॅगच्या फ्यूजमधून कॅमेऱ्याला वीज घेऊ नका आणि पुढच्या काचेशेजारच्या खांबातली वायर पडदा-एअरबॅगच्या मागून न्या, पुढून नाही. आपल्या उन्हात लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच कॅमेरा टिकतो.

अँड्रॉइड स्टिरिओत एकच अट: गाडीच्या मापाचा कप्लर (वायर न कापता जोडणारा प्लग). मूळ वायर कापणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. वॉरंटीत इलेक्ट्रिकलचा क्लेम आला की कापलेली वायर आधी दाखवली जाते. बसवल्यावर गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर मालिकेत लावा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर स्टिरिओ झोपत नाहीये.

कायद्याचंही माहीत असू द्या. परवानगी नसलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि कंपनीबाहेरून लावलेली इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी विम्यात आपोआप येत नाही. पॉलिसी नव्याने करताना तिची किंमत आयएमटी-२४ (गाडीच्या विम्याचं जोड-कलम) खाली वेगळी लिहून घ्यावी लागते. हप्ता त्या किमतीच्या ४ टक्के. २०,००० च्या स्टिरिओला ८०० रुपये, वर जीएसटी. बिल मात्र जपून ठेवा.