बीटलला नवे पत्रे बसवून अकरा महिने झाले

बाबांची १९६९ ची फोक्सवॅगन बीटल गाडी रस्त्यावर येऊन अकरा महिने झाले. या काळात ती सहा हजार किलोमीटरच्या वर धावली. पत्रे बसवले त्याच आठवड्यात लिहायला बसले असते, तर नव्या रंगाच्या आनंदात सगळंच उत्तम म्हणून मोकळी झाले असते. आता गाडीने पाऊस बघितलाय, खड्डे बघितलेत, आणि कुठला पत्रा कसा टिकला ते सांगता येतं.

दोन्ही हीटर चॅनेल, पुढची दोन मडगार्डं आणि दोन्ही फूटबोर्ड (दाराबाहेरची पाय ठेवायची पट्टी) नवे घातले. दारं आणि बॉनेट जुनंच ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ हीटर चॅनेलने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. बीटलची बॉडी फ्लोअर पॅनवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या पत्र्यावर, बोल्टने बसते आणि दाराखालचे हे पोकळ चॅनेल तिला ताठ धरतात. इंजिनाकडची गरम हवा यांतूनच पुढे येते. पोकळ असल्यामुळे गंज आतून धरतो. आमच्या गाडीत वरचा रंग शाबूत होता आणि खालून स्क्रू ड्रायव्हर आरपार जात होता. असं चॅनेल आधार न देता कापलं की बॉडी खचते, आणि मग दार कधीच नीट लागत नाही. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटीत चौकोनी पाइपचे टेकू वेल्ड केले, बॉडी पॅनवरच बोल्टने घट्ट ठेवली आणि एका वेळी एकच बाजू उघडली.

नवं चॅनेल मागच्या टोकाला जवळजवळ ६ मिमी लांब निघालं आणि बोल्टची दोन भोकं पॅनशी जुळेनात. बाबा म्हणाले, ‘घाई करू नकोस, दार काय सांगतंय ते ऐक.’ तीन दिवस आम्ही एवढंच केलं: चॅनेल क्लॅम्पने धरायचं, दार टांगायचं, फट मोजायची, पुन्हा काढायचं. फट खालपासून वरपर्यंत ४ मिमीच्या आसपास एकसारखी आली तेव्हाच वेल्डिंगचे टाके मारले. सलग वेल्डिंग केलं नाही. इथे एक टाका, तिथे एक टाका, मध्ये पत्रा थंड होऊ द्यायचा, नाहीतर तो तापून ओढला जातो. आज अकरा महिन्यांनीही दोन्ही दारांच्या फटी तेवढ्याच आहेत. मला या कामातलं सगळ्यात मोठं समाधान त्याचंच आहे.

एक चूक मात्र झाली. दारं जुळवताना दाराच्या कडेचं नवं रबर लावून बघितलं नव्हतं. रंगानंतर रबर बसवलं आणि डावं दार मागच्या कडेला ३ मिमी बाहेर राहिलं, कारण नवं रबर जाड आणि कडक असतं. लॉकची खुंटी सरकवून आणि उन्हाळाभर दार बंद ठेवून ते आता बरंच आत आलंय, पण बोट फिरवलं की अजून कळतं. जोडणीच्या वेळी रबर हवंच.

मडगार्डांबद्दल मी तितकी खूश नाही. पत्रा मूळच्यापेक्षा पातळ आहे, हे हातात घेतल्यावरच जाणवलं. वरचा काळा थर थिनरच्या फडक्याने पुसला गेला, म्हणजे तो खरा प्राइमर नव्हता, वाहतुकीपुरता रंग होता. तो सगळा खरवडून इपॉक्सी प्राइमर मारला. बॉडीलगतची कड दोन ठिकाणी उचललेली होती. डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने बसवली, पुट्टीने भरली नाही. तरीही डाव्या मडगार्डात हेडलाइटच्या वाटीच्या मागे, जिथे चाकाने उडवलेला चिखल साचतो, आठव्या महिन्यात गंजाचा पिवळा ओघळ दिसला. वाटीचा जोड कारखान्यातच अर्धवट वेल्ड केलेला होता आणि मी तिथे सीलर भरला नव्हता. नवं मडगार्ड घेतलं की बसवण्याआधी ते उलटं करून वाटीचा जोड पूर्ण गोल तपासा.

घेतानाही जपावं लागतं. १९६७-६८ च्या सुमारास पुढचे हेडलाइट उभे झाले, त्याआधीची मडगार्डं वेगळी. १३०२ आणि १३०३ या बीटलच्याच मॉडेलांचं बॉनेट साध्या बीटलला बसत नाही. नुसतं ‘बीटलसाठी’ लिहिलेल्या भागावर विश्वास ठेवू नका.

फूटबोर्ड तर घेऊच नयेत असे निघाले. पाय ठेवला की वाकतात, रबराची कड पाचव्या महिन्यात सुटली. जुने बोर्ड टाकून दिले याचं खरंच वाईट वाटतं. जाड पत्र्याचे होते, खालून दुरुस्त करता आले असते. बॉनेटच्या बाबतीत जुनं टाकून नवं घ्यायचा मोह टाळला. पुढची गंजलेली कड तेवढी कापून पट्टी जोडली आणि ते आजही सगळ्या भागांत छान बसतं.

चॅनेलच्या पोकळीत रंगानंतर मेण फवारलं होतं. परवा छोट्या कॅमेऱ्याने आत बघितलं: कोरडं, स्वच्छ, पाणी निघायची भोकं मोकळी. पुढच्या महिन्यात डावं मडगार्ड उतरवून वाटीचा जोड पुन्हा वेल्ड करणार आहे. बोल्टना तांब्याचं ग्रीस लावलंय, त्यामुळे ते तुटणार नाहीत.