हेवी लायसन काढायचंय: उस्ताद, ड्रायव्हिंग स्कूल की संस्था?

चाकण, तळेगाव, रांजणगाव, कुठल्याही ट्रान्सपोर्टवाल्याशी बोला, गाऱ्हाणं एकच: गाडी आहे, माल आहे, ड्रायव्हर नाही. देशात सुमारे 22 लाख चालक कमी आहेत, असं नितीन गडकरी सांगत आले आहेत. पण टंचाई आहे म्हणून मालक कुणाच्याही हातात किल्ली देत नाही. आधी यार्डात गाडी रिव्हर्स लावायला सांगतो. म्हणून फी कुठे कमी, यापेक्षा हात कुठे बसेल ते बघा.

कायदा सगळ्यांना सारखाच. वय किमान 20, आणि हलक्या वाहनाचं लायसन काढून वर्ष झालेलं हवं. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली.

जुनी वाट म्हणजे उस्तादाच्या, म्हणजे जुन्या अनुभवी ड्रायव्हरच्या, हाताखाली क्लीनर. फी नाही, उलट जेवण आणि थोडाफार पगार सुटतो. ताडपत्री आवळणं, टायरवर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाजावरून हवा ओळखणं, बिल्टी (मालाची पावती) आणि ई-वे बिल सांभाळणं, हे वर्गात बसून येत नाही. पण उस्तादाच्या खोडीही फुकटच मिळतात. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार घ्या. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल मारणारे आहेतच. न्यूट्रल केलं की इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळं ओझं ब्रेकवर जातं, लायनर तापतात आणि खालच्या गर्दीत नेमका ब्रेक लागत नाही. गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर गाडी धरणारा ब्रेक) लावून हळू उतरणारा उस्ताद मिळाला तर त्याला सोडू नका. आणखी एक: लायसन नसलेल्या क्लीनरच्या हातून अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

गल्लीतलं ड्रायव्हिंग स्कूल सोयीचं. घराजवळ, सकाळचा तास, फॉर्म 5 ची (शिकल्याच्या दाखल्याची) कटकट तेच निस्तरतात. पण बहुतेक ठिकाणी जुनी, रिकामी गाडी आणि तोच ठरलेला रस्ता. भरलेली दहाचाकी थांबवायला किती अंतर लागतं, हे रिकाम्या गाडीवर कसं कळणार? नुसतं लायसन हवं असेल तर ठीक.

तिसरा पर्याय संस्थेचा. पुण्यात कासारवाडीला सीआयआरटी या रस्ते वाहतुकीच्या केंद्रीय संस्थेचं आयडीटीआर, म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारं केंद्र, आहे. आरटीओच्या चारचाकी चाचण्यांमुळे तिथला ट्रॅक अनेकांना माहीत असतो. 2021 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रातला जड वाहनाचा अभ्यासक्रम 6 आठवड्यांत 38 तासांचा असतो आणि तो पास झालात की आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. मात्र केंद्राची मान्यता जड वाहनांसाठी आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. अडचण रोजंदारीवाल्याची: सहा आठवडे कामात खंड पडतो. आणि 38 तासांत रात्रीचा बोरघाट काही शिकून होत नाही.

माझं मत विचाराल तर एकाच वाटेवर अडून राहू नका, क्रमाने चला. हेवीच्या आधीचं सक्तीचं वर्ष घरी बसून घालवू नका. 6 नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार मालासकट एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं. छोटा हत्ती किंवा पिकअप घेऊन मार्केट यार्डात भल्या पहाटे वर्षभर काढलं, की आरसे बघायची सवय आपोआप लागते. मग संस्था. त्यानंतर काही महिने चांगल्या ड्रायव्हरबरोबर दुसरा ड्रायव्हर म्हणून.

घरी म्हातारे आईवडील आहेत, दहा-दहा दिवस बाहेर राहणं जमणार नाही? मग लांबच्या लाइनऐवजी चाकण ते जेएनपीटी कंटेनरच्या फेऱ्या बघा. बंदराच्या गेटवर रांगेत ताटकळावं लागतं, पण घर हाताशी राहतं. पेट्रोल, गॅस, केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं 3 दिवसांचं प्रशिक्षण वेगळं घ्यावं लागतं. त्याची नोंद लायसनवर झाल्याशिवाय गाडी हातात घेऊ नका, मालक कितीही घाई करो.