बीकॉमसाठी भरलेले ५८ हजार

चाकणच्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे. वडिलांच्या आजारपणात बारावीनंतर कॉलेज सुटलं ते सुटलंच. दोन वर्षांपूर्वी सुपरवायझरची जागा निघाली. साहेब म्हणाले, "काम तुला येतं, पण ग्रॅज्युएट हवा." त्या रात्री मोबाईलवर 'घरबसल्या बीकॉम' शोधून एका ठिकाणी नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन.

पलीकडच्या मॅडम 'दादा, दादा' करत बोलायच्या. म्हणाल्या, "दादा, जुन्या वर्षाचं ॲडमिशन दाखवू. परीक्षा एकाच बैठकीत, वर्षात डिग्री हातात." विद्यापीठ उत्तरेतलं होतं आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत होतं. ते मी स्वतः पाहिलं, आणि तिथेच निर्धास्त झालो. विद्यापीठ खरं आहे एवढंच मी पाहिलं. या लोकांचा त्याच्याशी काही संबंध आहे का, हे पाहिलंच नाही.

आधी नोंदणीचे ८ हजार, मग फीचे २५, परीक्षेचे १५, शेवटी मार्कशीट पाठवायचे १०. क्यूआर स्कॅन केला की दरवेळी कुणा एका माणसाचं नाव यायचं. विचारलं तर "ते आमचे अकाउंटचे सर आहेत." दुसऱ्या हप्त्याला बायकोची बोरमाळ गहाण ठेवली. ती अजून सोडवतोय.

परीक्षा म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेले पेपर. घरी बसून लिहायचे आणि कुरिअर करायचे. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण तोवर ४८ हजार गेले होते. पुढे होलोग्राम लावलेल्या तीन वर्षांच्या मार्कशीट आल्या. आईने देवापुढे ठेवल्या. मी त्या ऑफिसात दिल्या.

कंपनीने पडताळणीला पाठवल्यावर विद्यापीठाचं उत्तर आलं, की हा नोंदणी क्रमांक आमच्याकडे नाही. पैशांपेक्षा त्या दिवसाची भीती मोठी होती. बनावट कागद मी दिला होता, सही माझी होती. पावत्या, चॅट सगळं समोर ठेवलं म्हणून नोकरी राहिली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन महिने झाले होते. तो नंबर पैसे गेले त्याच दिवशी लावायचा असतो.

आता जे कळलं ते सांगतो. तीन वर्षांची पदवी वर्षात होत नाही, आणि मागच्या तारखेचा प्रवेश कुणीही कायदेशीरपणे देऊ शकत नाही. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझीवर चालवायला यूजीसीची परवानगी नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींना मान्यता आहे का ते बघा. २०२४ पासून अशा प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. तो आपला आपण काढायचा. "आम्ही बघतो" म्हणणाऱ्याला आधार आणि ओटीपी देऊ नका. फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात भरा.

आणि अशी मार्कशीट तुमच्या कपाटात आली असेल, तर ती अजून कुठेही देऊ नका. नोकरीला नाही, बँकेला नाही, पासपोर्टलाही नाही. आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला स्वतः लेखी विचारा. तिथला फोन नंबर एजंटकडून घेऊ नका.