मोकळ्या आवारातल्या शाळा: बघायच्या तर जुलैत

पुण्या-नाशिकच्या वेशीवरच्या 'निसर्गशाळा' बघायला पालक जातात ते डिसेंबर-जानेवारीत. मैदान कोरडं, हवा छान, झाडाखाली गोल करून बसलेली पोरं. त्यातून काही कळत नाही. जुलैत, भर पावसात, आठवड्याच्या मधल्या वारी जा. खरंच बाहेर शिकवत असतील तर दाराशी चिखलाच्या बुटांची रांग, पाय पुसायला गोणपाट आणि दप्तरात कपड्यांचा जादा जोड दिसतो. हे नसेल तर सप्टेंबरपर्यंत मुलं वर्गातच, म्हणजे पहिलं सत्र जवळपास आतच गेलं.

मग वह्या मागा, एकाच वर्गातल्या पाच. पाचही वह्यांत जास्वंदीचं तेच चित्र, तेच बाण असतील तर ते फळ्यावरून उतरवलंय, झाड खिडकीबाहेर असलं तरी. एकीत कुरतडलेली पाकळी, दुसरीत देठावरचा मुंगळा, तिसरीत वाकड्या अक्षरात 'बोटाला पिवळं लागलं' असं असेल तर पोरं झाडापाशी गेली आहेत.

माहितीपत्रकातल्या एकरांना भुलू नका. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कोसबाडच्या (पालघर जिल्हा) कुरणशाळेत गुरं राखणाऱ्या पोरांमागे शाळाच कुरणात जायची. वेगळं आवार लागलं नाही.

माणसं मात्र मोजा. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे १ शिक्षक आहे. ओढ्यावर न्यायला तेवढ्यानं भागत नाही. एक शिकवायला, एक डोकी मोजायला, असे निदान दोघं हवेत. 'साप चावला तर काय करता?' हे मुख्याध्यापकांना नको, वर्गावरच्या ताईंना विचारा. 'वर करकचून बांधतो' हे उत्तर चुकीचं. हातपाय हलू न देता थेट दवाखाना, आणि तोही सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असलेला. त्या दवाखान्याचं नाव ताईंना तोंडपाठ हवं.

कागदपत्रांत ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, बघा. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. 'लर्निंग सेंटर' म्हणवणाऱ्या जागांना तो बहुधा नसतो. मग पुढे दुसऱ्या शाळेत घालताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गाडी अडू शकते आणि दहावीला मुक्त विद्यालयाची वाट धरावी लागू शकते (तिथं वय किमान १४ पूर्ण लागतं). वाट वाईट नाही, पण प्रवेशाआधी माहीत हवी. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची 'मुलाखत' ठेवत असतील तर ते शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये बसत नाही. आव पुरोगामी आणि चाळणी जुनीच, हा प्रकार बराच दिसतो.

फी विचारताना बस, सहली आणि शेतीकामाचं साहित्य त्यात आहे का ते लिहून घ्या. आणि बसच्या वेळा घड्याळ लावून मोजा. रोज जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये आणि आठवड्याला तीन तास बाहेर, असा हिशेब निघाला तर सहा वर्षांच्या पोराला घराजवळची साधी शाळा आणि रविवारी टेकडी हेच बरं.